तंबाखूच्या पाकिटातली नटी आणि कृष्णाकाठची नायिका

सिगारेट कार्डाचा जन्म पाकिटाला आधार म्हणून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगारेटी पातळ कागदी वेष्टणात विकल्या जात. खिशात ठेवल्या की त्या चेपत आणि मोडत. म्हणून विक्रेते वेष्टणात पुठ्ठ्याचा एक ताठ तुकडा घालू लागले. त्या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा आपलेच पाकीट मागेल, हे व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडच्या अ‍ॅलन अँड गिंटर या कंपनीने लवकर हेरले. १८८० च्या दशकात ब्रिस्टलच्या डब्ल्यू. डी. अँड एच. ओ. विल्सने तीच वाट धरली. पुढे ब्रिटिश कार्डाचा आकार साधारण ६८ बाय ३६ मिलिमीटर असा ठरून गेला. कार्डे २५ किंवा ५० च्या मालिकांनी निघत आणि पुष्कळदा त्यांवर क्रमांक असत. मालिका पुरी करायची तर तेच पाकीट पुनःपुन्हा घेणे भाग पडे. एकच कार्ड दोनदा आले तर ते दुसऱ्याशी बदलून घ्यावे लागे. विकत घेणारे पुरुष असत, पण कार्डे साठत मुलांकडे.

या चित्रांच्या मुळाशी यंत्र होते. जेम्स बॉन्सॅकने १८८१ मध्ये पेटंट घेतलेले सिगारेट वळण्याचे यंत्र दहा तासांत लाखाहून अधिक सिगारेटी वळत असे. हाताने वळणारा कुशल कामगार दिवसभरात फार तर दोन-तीन हजारांपर्यंत पोचे. ड्यूक कंपनीने हे यंत्र उचलले आणि लगेच नवा प्रश्न उभा राहिला: एवढा माल खपवायचा कसा? माल सगळ्यांचा सारखाच, म्हणून वेगळेपण आणायचे ते चित्रातून. जहाजे, सैनिक, राजेराण्या, पक्षी, खेळाडू असे शेकडो विषय आले. तरी पहिल्या काळात नटीइतका हमखास खपणारा विषय दुसरा नव्हता.

नटीचा चेहरा या व्यापाराला आयता मिळाला. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने भेटपत्राएवढ्या छोट्या छायाचित्राचे पेटंट घेतले होते. त्यानंतर युरोप-अमेरिकेत नामवंतांचे फोटो विकत घेऊन अल्बममध्ये लावण्याची रीतच पडली. न्यूयॉर्कचा छायाचित्रकार नेपोलियन सॅरनी हा नामवंत नटनट्यांना फोटोसाठी बसण्याचे पैसे देई आणि ते पैसे प्रती विकून वसूल करी. सारा बर्नहार्ट आणि लिली लँग्ट्री यांना त्याने हजारो डॉलर दिले. लँग्ट्रीचे नाव आणि चेहरा पेअर्स साबणाच्या जाहिरातीतही झळकला. म्हणजे तंबाखूवाले या धंद्यात उतरले तेव्हा नटीच्या चेहऱ्याला किंमत होती, तो छापण्याची कला होती आणि तो ओळखणारे गिऱ्हाईकही होते. एलेन टेरी, लिलियन रसेल, मेरी अँडरसन, मेरी टेंपेस्ट, एडना मे ही नावे कार्डांवर पुनःपुन्हा भेटतात. जॉन प्लेअरने १८९८ मध्ये नटनट्यांची मालिका काढली. लिव्हरपूलच्या ऑग्डेन कंपनीने ‘गिनी गोल्ड’ सिगारेटींबरोबर खऱ्या छायाचित्रांची कार्डे काढली. त्यांची संख्या हजारांत जाते आणि त्यांत नट्यांचा वाटा मोठा आहे.

कार्डावरची नटी ही मात्र नाटकातली नटी राहत नाही. बहुतेक कार्डांवर नुसते नाव असते. नाटक कोणते, भूमिका कोणती, हे छापलेले नसते. पुष्कळ ‘सुंदरीं’ना तर नावही नाही. तोच फोटो दोन-तीन कंपन्यांच्या कार्डांवर निघालेला आढळतो. रंगमंचावर शेक्सपिअरची नायिका उभी करणारी अभिनेत्री आणि समूहनृत्यात तिसऱ्या रांगेत उभी राहणारी मुलगी या दोघींना कार्डाने एकाच मापात बसवले. तोकड्या पोशाखातली, पायांचा आकार दिसेल अशी चित्रे खूप खपत. त्यावर पाद्र्यांनी टीका केली आणि कारखानदारांच्या घरातूनही विरोध झाला. वॉशिंग्टन ड्यूक या वृद्ध धर्मनिष्ठ बापाने १८९४ मध्ये मुलाला पत्र लिहून ही चित्रे पाकिटात घालणे बंद करावे, असे कळवले. नटीचे चित्र पुरुषाच्या खिशात आणि मुलाच्या डबीत चालत होते. असल्या चित्राला घराच्या बैठकीत सहसा जागा नव्हती. कृष्णाकाठची, म्हणजे सातारा-सांगली भागातली, गोष्ट नेमकी इथूनच वेगळी होते.

भारतात ही कार्डे विलायती सिगारेटींबरोबर आली. विल्सच्या ‘सिझर्स’ सिगारेटी इथल्या गोऱ्या पलटणींत फार खपत आणि त्यांच्या पाकिटांतून नट्यांच्या आणि सुंदरींच्या मालिका निघाल्या. मुंगेरच्या पेनिन्सुलर टोबॅको कंपनीने १९०९ मध्ये हिंदू देवतांची २५ कार्डांची मालिका काढली. नाचणाऱ्या कलावंतिणींचीही मालिका तिने काढली. १९१० मध्ये कलकत्त्याला इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि सिगारेटीचा व्यापार देशभर पसरला. सातारा-सांगली भागात मात्र तंबाखू पिकत असूनही ती बहुतेक चुन्याबरोबर खाल्ली जाई, तपकीर म्हणून ओढली जाई किंवा चिलीम आणि विडीत भरली जाई. सिगारेट साहेबाची, लष्कराची, फार तर वकील-मामलेदाराची. त्यात १९०५ नंतर स्वदेशीची चळवळ पेटली आणि विलायती सिगारेट हे बहिष्काराच्या यादीतले ठळक नाव झाले. मराठी नाटकवाले तर बहुतेक टिळकांच्या बाजूचे. या प्रदेशातल्या रंगभूमीचा चेहरा सिगारेटीच्या पाकिटात शोधून सापडणार नाही. तो वेगळ्या कागदांवर सापडतो.

मराठी नाटकाची सुरुवात सांगलीत झाली. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना मराठीत तसे काही करण्यास सांगितले. १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ राजवाड्यात झाले. सीता झालेला मुलगाच होता. स्त्रीने रंगमंचावर यावे ही कल्पनाच तेव्हा कुणाला शक्य वाटत नव्हती. आप्पासाहेबांच्या निधनानंतर राजाश्रय आटला, भाव्यांची मंडळी फिरतीवर निघाली आणि १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोड थिएटरात तिचे खेळ झाले. तेव्हापासून पुढची ऐंशी वर्षे मराठी नायिका बहुतांशी पुरुषांनीच उभी केली. नाटकमंडळीत त्यांना ‘स्त्रीपार्टी’ म्हणत.

साताऱ्याचे नाव लावणारी शाहूनगरवासी नाटक मंडळी गद्य नाटकांची. तिच्यात गणपतराव जोशी नायक आणि बाळाभाऊ जोग नायिका. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले आणि या मंडळीने ते गाजवले. ‘त्राटिका’ हे शेक्सपिअरचेच रूपांतर. इंग्लंडात याच नाटकांच्या नायिका करणाऱ्या स्त्रिया कार्डांवर छापल्या जात होत्या तेव्हा साताऱ्याच्या मंडळीत त्या भूमिका बाळाभाऊ करीत होते. संगीत नाटकात किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर हे पहिले मोठे नाव. बडोद्याहून १८८२ मध्ये आलेल्या भाऊरावांच्या शकुंतलेने आणि सुभद्रेने प्रेक्षकांना वेड लावले. १९०१ मध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते गेले. मराठी गाणी ध्वनिमुद्रिकेवर येण्याआधीच ते गेल्यामुळे त्यांचा आवाज कुठे राहिला नाही. राहिली ती थोडी छायाचित्रे आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणी.

याच काळात मराठी घरांच्या भिंतींवर छापील चित्र येत होते. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि सहकाऱ्यांनी चित्रशाळा प्रेस काढला. देवदेवता आणि मराठेशाहीतले पुरुष यांची रंगीत शिळाप्रेसची चित्रे तिथून स्वस्तात मिळू लागली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना घातला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि जर्मन तंत्रज्ञ फ्रित्झ श्लायशर याने विकत घेतला. त्याच्या हाती गेल्यावर छापखान्यातून देवांच्या तसबिरींबरोबर पोस्टकार्डे, दिनदर्शिका आणि मालावर चिकटवायची लेबले निघू लागली. छापखान्याचे पहिले चित्र शकुंतलाजन्माचे. रविवर्म्याच्या नायिका आणि किर्लोस्करांच्या नायिका एकाच पुराणातल्या होत्या, नऊवारीच्या एकाच घडणीत वावरत होत्या. साताऱ्याच्या औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांच्या संग्रहातली रविवर्म्याची मूळ चित्रे आजही औंधच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात पाहता येतात. तैलचित्र राजाकडे, छापील प्रत गृहस्थाच्या भिंतीवर आणि तीच नायिका रात्री रंगमंचावर, असा हा प्रवास होता. त्यात बालगंधर्व आले.

बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. त्यांचा जन्म १८८८ चा. आजच्या सांगली जिल्ह्यातले, पलूस तालुक्यातले नागठाणे हे त्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. त्यांना ऐकू कमी येई. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी उपचारासाठी त्यांना मिरजेला पाठवले. तिथेच किर्लोस्कर मंडळीशी त्यांची गाठ पडली आणि १९०५ मध्ये मिरजेत ते शकुंतला म्हणून पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले. अभिनयाची तालीम दिली गोविंद बल्लाळ देवलांनी. देवल सांगलीला लागून असलेल्या हरिपूरचे. पुढे ‘मानापमान’ची भामिनी आणि ‘स्वयंवर’ची रुक्मिणी लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीत जन्मलेले. मराठी मध्यमवर्गाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आदर्श स्त्री म्हणून जी पाहिली ती काही कोसांच्या टापूतल्या तीन पुरुषांनी लिहिली, शिकवली आणि वठवली. या प्रदेशाच्या सांस्कृतिक इतिहासात ही गोष्ट जितकी ठळक मांडायला हवी तितकी मांडली गेलेली नाही.

१९११ मध्ये ‘मानापमान’ आले. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या साथीने गंधर्व नाटक मंडळी निघाली. मंडळीचा थाट अपूर्व होता: अस्सल शालू-पैठण्या, दागिने, उंची गालिचे, प्रेक्षागृहात अत्तराचा शिडकावा. या थाटाने मंडळी कर्जात बुडाली, तरी नायिकेचे जे रूप त्यातून उभे राहिले ते प्रेक्षागृहाबाहेर गेले. बालगंधर्वांचा पदर, अंबाडा, त्यात माळलेली फुले, नथ, हे बघून बायका तशी वेशभूषा करू लागल्या. पुरुषांत त्यांच्या नावाची ‘गंधर्व टोपी’ आली. साबण, पावडर, औषधे अशा वस्तूंच्या जाहिरातींत त्यांची छबी झळकली. नायिकेच्या वेशातले त्यांचे फोटो विकले जात आणि घरात लावले जात.

इंग्रजी कार्डाशी याची तुलना करताना हे ‘घरात लावले जात’ महत्त्वाचे ठरते. कार्डावरच्या व्हिक्टोरियन नटीच्या चित्राला बैठकीत सहसा जागा नव्हती, कारण ती नटी ही खरी स्त्री होती आणि रंगमंचावर उभी राहणाऱ्या स्त्रीच्या चारित्र्याविषयी समाजाच्या मनात संशय होता. बालगंधर्वांची रुक्मिणी हे एका ब्राह्मण गृहस्थाने घेतलेले रूप होते. तिच्याकडे पाहण्यात पुरुषाला पाप वाटत नव्हते. तिच्यासारखे नटण्यात बाईला कमीपणा वाटत नव्हता आणि सासूलाही त्यात वावगे दिसत नव्हते. नायिका पुरुष असल्यामुळेच तिचे चित्र उंबरा ओलांडून आत आले. सिगारेट कार्डावरच्या नटीकडे मुख्यतः पुरुष आणि मुलगे बघत. या चित्राकडे बायका बघत आणि त्यावरून आरशापुढे उभ्या राहत. विलायती व्यापाराने नटीच्या चेहऱ्यावर तंबाखू खपवली. इथल्या व्यापाऱ्यांनी स्त्रीवेशातल्या पुरुषाच्या चेहऱ्यावर साबण आणि पावडर खपवली, आणि ती बायकांना खपवली.

या मान्यतेची किंमत खऱ्या स्त्री-कलावंतांनी मोजली. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष गावचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे तमाशाच्या फडात शिरले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या फडात पवळा होती. तमाशाच्या बोर्डावर नाव कमावलेली ती पहिली स्त्री मानली जाते. हजारोंनी तिला पाहिले, पण बालगंधर्वांच्या चित्रासारखे तिचे चित्र सभ्य घरांच्या भिंतींवर लागले नाही. बेळगावकडच्या स्त्री नाटक मंडळ्यांत तर सगळ्या भूमिका, पुरुषांच्यासुद्धा, बायका करीत. त्यांचीही आठवण चित्रांपेक्षा लिखाणातच अधिक सापडते. कलकत्त्याची गौहरजान हिची छबी ऑस्ट्रियात बनलेल्या काडेपेट्यांवर आली. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांची पोस्टकार्डेही निघाली. पण ही चित्रे घेणारा आणि भिंतीवर रुक्मिणी लावणारा एकच गृहस्थ असला तरी दोन्ही चित्रे तो एका जागी ठेवत नव्हता. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई गोखले या मायलेकी १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पडद्यावर आल्या. पहिल्या भारतीय चित्रपट अभिनेत्री म्हणून त्यांचे नाव इतिहासात आहे. त्यांच्या काळात मात्र त्यांना रुक्मिणीच्या चित्राचा मान मिळाला नाही.

मराठीत स्वतंत्र कार्ड निघाले नाही, तरी त्याचे काम करणारे कागद बरेच होते. प्रयोगाच्या जाहिरातीची हँडबिले गावोगाव वाटली जात. नाटकातल्या पदांची छोटी पुस्तके थिएटरच्या दारात थोडक्या पैशांत मिळत आणि लोक ती घरी नेऊन पदे पाठ करीत. ग्रामोफोन आल्यावर कंपन्यांच्या सूचिपुस्तकांत गायकांच्या छब्या आल्या. मासिकांनीही हे काम केले. का. र. मित्रांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून सचित्र अंक ही मराठी वाचकाची सवय झाली. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक सुरू झाले. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. तेव्हा ती औंध संस्थानात होती. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार असल्याने मुखपृष्ठाकडे त्यांचे बारीक लक्ष असे. ‘स्त्री’च्या मुखपृष्ठावरची बाई शिकलेली, नव्या काळातली, घराबाहेर वावरणारी होती. नाटकातल्या रुक्मिणीशी तिचे नाते नव्हते.

बदल रंगभूमीवरही येत होता. मिरजेत १९०५ मध्ये, म्हणजे बालगंधर्व पहिल्यांदा उभे राहिले त्याच वर्षी आणि त्याच गावी, हिराबाई बडोदेकर जन्मल्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी भावंडांबरोबर नाटक मंडळी काढली आणि स्त्रियांनी स्त्रीभूमिका करण्याचा पायंडा पाडला. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक उभ्या राहिल्या. मास्टर दीनानाथ हेही लतिकेच्या स्त्रीभूमिकेने गाजलेले. त्यांच्या बलवंत मंडळीचा संसार तेव्हा सांगलीत होता आणि त्यांची मुलगी आशा भोसले यांचा जन्म १९३३ मध्ये तिथलाच. बोलपटाने मंडळ्या मोडत आल्या. नट्यांची छबी आता सिनेमाच्या जाहिरातीतून येऊ लागली आणि ती बाईचीच असे. स्त्रीपार्टीचे युग संपले. विलायतेतली कार्डे १९४० मध्ये युद्धकाळातल्या कागदटंचाईने बंद पडली.

पुढे या कागदांचे काय झाले, यात दोन देशांत मोठा फरक आहे. जेफर्सन बर्डिक या अमेरिकन संग्राहकाने तीन लाखांवर कार्डे आणि छापील तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले आणि त्यांची सूची करण्यात आयुष्याची अखेरची वर्षे घालवली. एडवर्ड व्हार्टन-टायगरचा प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. यामुळे तिथे हरवलेल्या नाटकांतल्या नट्यांची वेशभूषा कार्डावरून ताडता येते. सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन होतो, गौरवपदक दिले जाते आणि त्याचे पहिले मानकरी बालगंधर्व होते. १९८८ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. पण हँडबिले, पदांची पुस्तके, जाहिरातींचे कागद आणि स्त्रीवेशातले फोटो बहुतांशी घरोघरच्या ट्रंकांत आणि वाचनालयांच्या माळ्यांवर आहेत. पावसाळ्याची ओल आणि वाळवी यांना ते रोज तोंड देत आहेत. ते गोळा करून क्रमवार लावण्याचे काम कृष्णाकाठच्या संस्थांनी तातडीने हाती घ्यावे, इतके ते मोलाचे आहे.

हे काम वाटते तितके अवघड नाही, कारण तारीख नसलेल्या कागदाचा काळही नाटकावरून बांधता येतो. बालगंधर्वांच्या नावाखाली किर्लोस्कर मंडळी असेल तर कागद १९०५ ते १९१३ मधला. गंधर्व मंडळी असेल तर त्यानंतरचा. भामिनीचे चित्र १९११ च्या आधीचे असू शकत नाही, रुक्मिणीचे १९१६ च्या आधीचे नाही. भरजरी शालू जाऊन साधे, विटके लुगडे, गळ्यात मोजके मणी आणि चेहऱ्यावर दैन्य दिसले तर ती ‘एकच प्याला’ची सिंधू आणि कागद १९१९ चा किंवा नंतरचा. बालगंधर्वांच्या जोडीला नट केशवराव भोसले यांचे नाव असलेली ‘संयुक्त मानापमान’ची जाहिरात १९२१ चीच, कारण जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी तो प्रयोग झाला आणि ऑक्टोबरात केशवराव गेले.